अर्थ सुटलेला दिवा

मोटारींची वायरिंग दुरुस्त करणाऱ्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘अर्थ सुटलाय.’ मोटारीत बॅटरीचे एक टोक लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते. दिव्यातून, भोंग्यातून, वायपरच्या मोटरमधून गेलेला प्रवाह परतीसाठी सहसा वेगळी लांब तार वापरत नाही. तो सांगाड्यातूनच बॅटरीकडे येतो. या परतीच्या जोडाला इंग्रजी कारखानदारांनी जमिनीचे नाव दिले. आपल्याकडच्या वायरमननी ते जसेच्या तसे उचलले आणि ते मराठीतल्या जुन्या शब्दाशेजारी जाऊन बसले. शब्दांची ही गाठ योगायोगाने पडली, पण ती शोभते. ज्या दिव्याचा अर्थ सुटतो तो नको तेव्हा लागतो, हवा तेव्हा लागत नाही, किंवा भलत्याच दिव्याबरोबर मिणमिणतो. त्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही.

गेली चौदा-पंधरा वर्षे मी मोटारींच्या डॅशबोर्डचा इतिहास जमेल तसा गोळा करतो आहे. मी इंजिनिअर नाही आणि इतिहासाची पदवीही माझ्यापाशी नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मिळणारी मालकांसाठीची माहितीपुस्तके, नाना पेठेतल्या दुकानांतून मागून आणलेले वायरिंगचे नकाशे, आणि सातारा-कोल्हापूर-पुणे या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या वायरमनशी झालेल्या गप्पा, एवढीच माझी सामग्री. मोटारीचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला तो बहुतेक कारखानदारांच्या बाजूने किंवा हौशी मालकांच्या बाजूने. डॅशबोर्डच्या मागे डोके घालून उताणे पडलेल्या माणसाच्या बाजूने तो फारसा लिहिलेला नाही. त्या जागेवरून पाहिले की एक प्रश्न ठळकपणे दिसतो : गाडी आपल्या मालकाला काय सांगते, आणि ते वाचण्याचा अधिकार कोणाकडे राहतो? जुनी, दोन-तीन हातांतून गेलेली गाडी विकत घेणाऱ्याला या प्रश्नाची किंमत रोख पैशांत मोजावी लागते.

चिखलाच्या फळीपासून तांबड्या दिव्यापर्यंत

डॅशबोर्ड हा शब्द घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली लाकडाची किंवा चामड्याची आडवी फळी म्हणजे डॅशबोर्ड. घोडा गेला आणि इंजिन आले, तरी फळी तिथेच राहिली. इंजिनाला तेल मिळते की नाही, वेग किती, वीज किती, हे दाखवणारी उपकरणे ठोकायला ती सोयीची जागा होती.

सुरुवातीच्या मोटारींत वीज जवळजवळ नव्हतीच. दिवे ॲसिटिलीन वायूचे किंवा तेलाचे, आणि इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारायचे. हँडल उलटे फिरले की मनगट मोडायचे. हे संकट चार्ल्स केटरिंग यांच्या विजेच्या स्टार्टरने टाळले. अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या डेल्को कंपनीचा हा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. आपल्याकडे आजही स्टार्टरला ‘सेल्फ’ म्हणतात, तो त्या ‘सेल्फ-स्टार्टर’चाच तुकडा. पण सेल्फ आला म्हणजे मोठी बॅटरी आली, बॅटरी भरायला डायनॅमो आला, आणि डायनॅमो थांबल्यावर बॅटरीतली वीज उलट्या दिशेने त्यात वाहून जाऊ नये म्हणून कटआऊट आला. आता मालकाला एक नवीन काळजी लागली : बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे?

याचे पहिले उत्तर होते ॲम्पिअर मीटर. फोर्डच्या मॉडेल टी या गाडीला १९१९ पासून विजेचा स्टार्टर मिळू लागला, तेव्हा तिच्या डॅशबोर्डवर हा काटा आला. मध्यावर शून्य, एका बाजूला भरणे, दुसऱ्या बाजूला रिकामे होणे. वाचणाऱ्याला हा काटा बरेच काही सांगायचा, पण त्याची एक अडचण होती. स्टार्टरचा प्रवाह सोडला तर गाडीतला बहुतेक सगळा प्रवाह त्या मीटरमधून जात असे. म्हणजे जाड तारा डॅशबोर्डच्या मागे आणाव्या लागत. तिथले एखादे नट सैल झाले की जोड तापे, आणि कधी कधी धूरही निघे.

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने तेलाच्या दाबासाठी आणि चार्जिंगसाठी काट्यांऐवजी दिवे वापरायला सुरुवात केली. दिवा स्वस्त होता आणि त्याला बारीक तार पुरे होती. शिवाय काट्याकडे मुद्दाम पाहावे लागते, दिवा स्वतःहून नजर वेधतो. जुन्या चालकांना तो अपमान वाटला. अमेरिकन बोलीत त्याला ‘मूर्खांचा दिवा’ म्हणू लागले. त्या टोमण्यात तथ्य होते. काटा मालकाला आकडा देत होता. दिवा फक्त हो किंवा नाही सांगत होता, आणि तेही बऱ्याचदा नुकसान व्हायला लागल्यावर. डायनॅमो प्रमाणाबाहेर वीज देऊन बॅटरीतले पाणी उकळवत असेल, तर हा दिवा शांत विझलेला असे.

दिवा नेमके काय सांगतो

चार्जिंगचा दिवा बॅटरी मोजतो असा सर्वसाधारण समज आहे. तो तसे काहीच करत नाही. जुन्या डायनॅमोच्या गाडीत त्या दिव्याचे एक टोक चावीच्या स्विचमार्गे बॅटरीला जोडलेले असे आणि दुसरे डायनॅमोच्या मुख्य टोकाला. चावी फिरवली, इंजिन बंद आहे, तर एका टोकाला बारा व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला शून्य, दिवा लागतो. इंजिन सुरू झाले, डायनॅमोचा दाब वाढत बॅटरीच्या दाबाच्या बरोबरीला आला, की दोन्ही बाजूंचे वजन सारखे झालेल्या तराजूसारखी स्थिती होते. फरक उरत नाही, दिवा विझतो. पंख्याचा पट्टा तुटला की डायनॅमो थांबतो आणि दिवा पुन्हा लागतो. अनेक इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवत असल्यामुळे या तांबड्या दिव्याकडे दुर्लक्ष करणारा चालक पुढच्या काही किलोमीटरांत इंजिन उकळवून बसे.

या रचनेतून एक बारीक लक्षण निघते आणि जुने वायरमन त्याला फार मान देत. गाडी चालू असताना दिवा लख्ख लागत नाही, पूर्ण विझतही नाही, अंधारात पाहिले तर मंद धगधगतो. याचा अर्थ दोन्ही बाजूंत थोडासा फरक उरला आहे. तो बहुधा एखाद्या सैल किंवा गंजलेल्या जोडामुळे असतो. दिवा इथे व्होल्टमीटरचे काम करत असतो.

१९६० च्या सुमारास डायनॅमोची जागा अल्टरनेटर घेऊ लागला. क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत तो सरसकट दिला. सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाल्यामुळे ते शक्य झाले, आणि डायोड प्रवाह एकाच दिशेने जाऊ देत असल्याने कटआऊटची गरज संपली. पण दिव्याची भूमिका मात्र वाढली. बऱ्याच अल्टरनेटरांत सुरुवातीचे चुंबकत्व निर्माण करणारा थोडासा प्रवाह या दिव्यातूनच जातो. दिव्याची तार जळाली असेल आणि कारखान्याने शेजारी पर्यायी रोध दिला नसेल, तर धडधाकट अल्टरनेटरही चार्जिंग सुरू करत नाही, किंवा इंजिन खूप फिरवल्यावरच करतो. चांगल्या अल्टरनेटरला नादुरुस्त ठरवून नवा घेणाऱ्या मालकांच्या गोष्टी मला जवळजवळ प्रत्येक वायरमनने सांगितल्या आहेत. बिघाड असायचा तो पाच-दहा रुपयांच्या बल्बात.

तेलाचा दिवा याहून साधा आणि म्हणून याहून फसवा. इंजिनावर एक दाबाचा स्विच असतो. दाब नसेल तेव्हा तो दिव्याच्या तारेला इंजिनाच्या धातूशी, म्हणजे अर्थशी, जोडतो आणि दिवा लागतो. दाब आला की जोड तुटतो आणि दिवा विझतो. आता ती तारच निसटली तर? दिवा कायमचा विझलेला राहतो आणि सगळे ठीक असल्याचे दाखवत राहतो. म्हणून चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा लागलाच पाहिजे. त्या क्षणी तो तेलाविषयी नव्याने काही सांगत नसतो. आपण स्वतः जागे असल्याची खूण देत असतो.

टंचाईने घडवलेला धंदा

आपल्याकडे मोटार आली ती जोडणीसाठी सुट्या भागांत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. फोर्डचाही मुंबईत होता. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. पुढे १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने धोरण ठरवले की देशात भाग बनवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच इथे राहता येईल. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. कुर्ल्यात इटलीच्या फियाटच्या परवान्यावर ११०० मालिकेच्या गाड्या होऊ लागल्या. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. विजेच्या सामानासाठी बंगळुरूची मायको १९५१ पासून आणि मद्रासजवळ पाडीची लुकास-टीव्हीएस १९६१ पासून होती.

लुकास हे नाव इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकास यांनी रॉकेल विकता विकता दिव्यांचा धंदा उभा केला आणि १९७० च्या दशकाच्या किती तरी आधी, १८७९ मध्ये, ‘रस्त्याचा राजा’ अशा अर्थाच्या नावाचा सायकलचा दिवा काढला. पुढे ब्रिटिश मोटारींतले बहुतांश विजेचे सामान याच कंपनीचे असे, आणि त्यांच्या वायरिंगचा लौकिक असा झाला की इंग्रजी वाहनप्रेमी लुकास यांना ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणू लागले. विनोद सोडला तर या कंपन्यांनी एक मोठी शिस्त दिली, ती तारांच्या रंगांची. ब्रिटिश पद्धतीत तपकिरी तार थेट बॅटरीची, पांढरी चावीनंतरची, हिरवी चावी आणि फ्यूज दोन्हींनंतरची, निळी मोठ्या दिव्यांची, तांबडी छोट्या दिव्यांची आणि काळी अर्थची. जर्मन पद्धतीत आकडे : ३० म्हणजे बॅटरी, १५ म्हणजे चावीनंतर, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे स्टार्टर, ६१ म्हणजे चार्जिंगचा दिवा. एक अक्षर इंग्रजी वाचता न येणारे वायरमन मी पाहिले आहेत, पण ‘पंधरा’ आणि ‘तीस’ यांत त्यांचा कधी गोंधळ होत नसे.

अडचण अशी की हे रंग आणि आकडे गाडी नवी असेपर्यंतच खरे असत. परवान्यांच्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे जुनी गाडी मोडीत निघत नसे. ती विकली जाई, पुन्हा विकली जाई, आणि वीस-पंचवीस वर्षे चाले. तारेवरचे आवरण एवढे टिकत नाही. इंजिनाच्या उष्णतेने ते कडक होऊन तडकते, उंदीर कुरतडतात, आणि कोकण-मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत तांब्याचे टोक हिरवे पडते. मूळ हार्नेस मिळाला तरी महाग. मग वायरमन मिळेल ती तार घाली. कधी घरगुती पंख्याची, कधी दुसऱ्या गाडीतून काढलेली. एकाच वाटेवर तपकिरी तार तांबडीला आणि तांबडी पिवळीला पिळून जोडलेली असे. नकाशा तिथे संपायचा आणि त्या विशिष्ट गाडीची आठवण असलेल्या माणसाचे काम सुरू व्हायचे. मुंबईच्या टॅक्सींत सीएनजीचे किट बसले तेव्हा इंधन बदलण्याचा स्विच आणि त्याच्या तारा हा आणखी एक थर वर चढला.

या परिस्थितीत वायरमनचे मुख्य हत्यार होते टेस्ट लॅम्प. होल्डरमध्ये एक बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन तारा; एका तारेला चिमटा, दुसरीला टोकदार सळई. चिमटा सांगाड्याला लावायचा आणि सळईने वाट शोधत जायचे. हा बल्ब व्होल्टमीटरपेक्षा एका बाबतीत सरस आहे. व्होल्टमीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, त्यामुळे एका धाग्यावर लटकलेल्या तारेवरही तो बारा व्होल्ट दाखवतो. बल्बला खरा प्रवाह लागतो. जोड कच्चा असेल तर तो पिवळा पडतो.

कच्चा जोड किती नुकसान करतो याचा हिशेब सोपा आहे. साठ वॅटच्या हेडलॅम्पला बारा व्होल्टवर पाच ॲम्पिअर लागतात. वाटेत गंजलेल्या जोडाचा रोध केवळ ०.२ ओहम असला तरी तिथे एक व्होल्ट गळतो आणि पाच वॅट उष्णता त्या जोडात तयार होते. पाच वॅट म्हणजे पार्किंगच्या एका छोट्या बल्बाएवढे. ते काम प्लास्टिकच्या कनेक्टरच्या पोटात रोज रात्री चालू राहते. तापल्याने जोड आणखी सैल होतो, सैल झाल्याने रोध वाढतो, वाढलेल्या रोधाने तो आणखी तापतो. फ्यूज यात काही करू शकत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. उलट थोडा कमी झालेला असतो.

रिकामे होल्डर

हे सगळे ज्ञान व्यवहारात कुठे उपयोगी पडते त्याचे एक उदाहरण माझ्या घरातले आहे. काही वर्षांपूर्वी माझे मेहुणे एक वापरलेली गाडी घेणार होते. साखर कारखान्यातली नोकरी संपून मिळालेल्या पैशांतला बराच मोठा भाग त्यात जाणार होता. गाडी दिसायला देखणी होती, इंजिनाचा आवाज बरा होता. आम्ही ओळखीच्या एका वायरमनना बरोबर नेले. सत्तरीचे गृहस्थ, त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलेच नाही. आधी आत बसले, चावी एक टप्पा फिरवली आणि इंजिन सुरू न करता डॅशबोर्ड पाहत राहिले. बॅटरीचा दिवा लागला. हातब्रेकचा लागला, मिस्त्रींनी ब्रेक सोडला तरी तो विझेना, कारण ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली की तोच दिवा लागावा अशी त्या गाडीत जोडणी होती. तेलाचा दिवा लागलाच नाही. मग त्यांनी मला मागे उभे केले आणि डावा इंडिकेटर लावला. इंडिकेटरच्या प्रत्येक उघडझापीबरोबर शेजारचा ब्रेकचा दिवा मंद धगधगत होता. मागच्या दिव्याचा अर्थ सुटला होता, आणि इंडिकेटरमधून आलेला प्रवाह परतीची वाट न मिळाल्याने शेजारच्या बल्बातून उलटा शिरून दुसरीकडून सांगाडा गाठत होता. हे काम दहा मिनिटांचे होते. होल्डरचा स्क्रू काढायचा, पॉलिश पेपरने पत्रा घासायचा, पुन्हा आवळायचा.

तेलाच्या दिव्याचे तसे नव्हते. मिस्त्रींनी दाबाच्या स्विचवरची तार काढून इंजिनाला टेकवली. तार, बल्ब आणि पुरवठा ठीक असता तर दिवा लागायलाच हवा होता. तो लागला नाही. विकणाऱ्याच्या परवानगीने त्यांनी मीटरचा संच बाहेर ओढला. मागचे तेलाच्या दिव्याचे होल्डर रिकामे होते. बल्ब जळालेला नव्हता, कोणी तरी तो काढून घेऊन होल्डर पुन्हा नीट बसवले होते. मिस्त्रींनी खिशातला बल्ब तिथे घातला. चावीला दिवा लागला, इंजिन सुरू झाल्यावर विझला, आणि पंधरा मिनिटांनी इंजिन गरम होऊन मंद गतीवर आले तसा पुन्हा लागला. त्यांनी स्विच बदलून पाहिला. फरक पडला नाही. इंजिनाचे बेअरिंग झिजले होते किंवा तेलाचा पंप थकला होता. दोन्हींचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने मोठा होता.

मेहुण्यांनी गाडी घेतली नाही. पंधरवड्यात ती दुसऱ्या कोणी घेतली असे कळले. होल्डरमध्ये बल्ब ठेवून विकली की काढून, ते विकणाऱ्यालाच ठाऊक.

संगणकाच्या हाती गेलेला दिवा

इथपर्यंतच्या दिव्यांत एक समान गोष्ट होती. दिवा, तार आणि स्विच यांच्या मध्ये कोणी नव्हते. १९८० च्या दशकात अमेरिकेत इंजिनाचा कारभार संगणकाकडे जाऊ लागला आणि इंजिन तपासायला सांगणारा पिवळा दिवा आला. हा दिवा संगणकाच्या हुकमाने लागतो. सुरुवातीला त्याची भाषा हाताने वाचता येत असे. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या गाड्यांत डॅशबोर्डखालच्या कनेक्टरची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली की दिवा मिचकावून आकडा सांगे. एकदा, थांबून दोनदा, म्हणजे बारा.

प्रदूषणाच्या नियमांनी या भाषेला सक्तीचे रूप दिले. कॅलिफोर्नियात १९८८ च्या गाड्यांपासून बिघाड स्वतः ओळखणारी यंत्रणा अनिवार्य झाली, आणि १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत तिची दुसरी, प्रमाणित आवृत्ती आली. सोळा पिनांचे कनेक्टर आणि ठरलेले संकेतांक. त्याआधी १९८६ मध्ये बॉश कंपनीने कॅन नावाची पद्धत मांडली होती. तिच्यात दोन पिळलेल्या तारांवरून गाडीतले अनेक संगणक एकमेकांशी बोलतात. भारतात अशी निदानयंत्रणा भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०१३ पासून तिची दुसरी पायरी लागू झाली.

मिस्त्रींच्या पिढीचा धंदा इथे अडला. एअरबॅगच्या तारांना टेस्ट लॅम्प लावणे जीवावर बेतू शकते, आणि संगणकाच्या नाजूक वाटांवर बल्बाएवढा प्रवाह ओढला तर महागडा भाग जळू शकतो. आता स्कॅनर लागतो. सामायिक संकेतांक वाचणारा स्वस्त स्कॅनर कोणालाही मिळतो, पण प्रत्येक कंपनीचे स्वतःचे संकेतांक, नव्या भागाची गाडीशी ओळख करून देण्याची पद्धत आणि वायरिंगचे पूर्ण नकाशे अनेकदा अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या कुंपणाआड राहतात.

हा प्रश्न केवळ जुन्या कारागिरांच्या हळहळीचा नाही. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने याची चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग, निदानाची साधने आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना न देणे हा स्पर्धेचा भंग असल्याचे आयोगाचे म्हणणे होते. प्रकरण पुढे अपिलांत आणि उच्च न्यायालयांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. त्यातल्या चार क्षेत्रांत मोटारी आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये याच मागणीवर मतदारांचा कौल घेतला गेला होता. दिवा कोणी वाचायचा, हा वाद आता कायद्याच्या भाषेत चालू आहे.

तरीही एक गोष्ट बदललेली नाही. पी ०५६२ हा प्रमाणित संकेतांक घ्या. त्याचा अर्थ : यंत्रणेतला व्होल्टेज कमी आहे. कुठे कमी झाला, अल्टरनेटर थकला की बॅटरीच्या टोकावर पांढरी बुरशी चढली की इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी पट्टी गंजली, हे तो सांगत नाही. ते शोधायला इंजिन चालू ठेवून बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट आहेत का ते पाहावे लागते, मग सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन यांच्यामध्ये मीटर लावावे लागते. तिथे अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर परतीची वाट अडली आहे. पद्धत तीच आहे, हत्यार तेवढे बदलले. अर्थ सुटला की आजही एकाच वेळी चार असंबद्ध दिवे लागतात, आणि अनुभव नसलेला माणूस चार वेगवेगळे भाग बदलत बसतो.

लबाडीही तीच आहे. एअरबॅगचा दिवा बिघाडामुळे सतत लागत असेल, तर काही जण त्याची तार तेलाच्या किंवा बॅटरीच्या दिव्याला जोडून देतात. मग तो चावीबरोबर लागतो, इंजिनाबरोबर विझतो आणि घेणाऱ्याला सगळे ठीक वाटते. ओळखण्याची खूण एकच : एअरबॅगचा दिवा इंजिन सुरू केले नाही तरी काही सेकंदांत आपला आपण विझायला हवा. तो तेलाच्या दिव्याबरोबर थांबून राहिला आणि त्याच्याच बरोबर विझला, तर संशय घ्यावा.

जे जपले जात नाही

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी वीस वर्षांची मर्यादा पूर्ण करून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात वृत्तपत्रांनी तिच्यावर भरभरून लिहिले. काळा-पिवळा रंग, टपावरची जाळी, स्टिअरिंगशेजारचा गिअर, आतले रंगीबेरंगी छत. तिच्या डॅशबोर्डमागच्या तारांवर कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. पण चार दशके ती टॅक्सी रोज चालली ती त्या तारांवर हात फिरवणाऱ्या माणसांमुळे.

वस्तुसंग्रहालयात गाडी जाते तेव्हा तिची वायरिंग नव्याने ओढली जाते. ते योग्यच आहे. जुनी वायरिंग आग लावू शकते. मात्र त्याबरोबर एक दस्तऐवज फेकला जातो. एखाद्या तीस वर्षे चाललेल्या गाडीचा हार्नेस उलगडून पाहिला तर कुठली तार कधी मिळत नव्हती, कुठे इन्सुलेशन टेप महाग म्हणून कापडी पट्टी गुंडाळली, कोणत्या वर्षी कॅसेट प्लेअर आला आणि कोणत्या वर्षी सीएनजी, हे सगळे थरांथरांत दिसते. माझ्याकडे असे तीन हार्नेस आहेत. प्रत्येक जोडाला क्रमांक देऊन मी त्यांचे नकाशे काढतो आहे. तिसऱ्यावर आतापर्यंत सत्तेचाळीस जोड मोजून झाले. कारखान्याचे त्यातले अकरा.

त्याहून घाईचे काम माणसांचे आहे. मी ज्या वायरमनशी बोललो त्यांतले पाच जण आज नाहीत. त्यांची मुले बहुधा दुसऱ्या धंद्यांत आहेत. त्यांनी वापरलेले शब्द, लक्षणावरून बिघाडाकडे जाण्याच्या त्यांच्या वाटा, कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. वाचकांपैकी कोणाच्या गावात, बसस्टँडमागे किंवा पेट्रोल पंपाशेजारी, असा म्हातारा मिस्त्री अजून बसत असेल, तर एखाद्या दुपारी त्याच्याजवळ बसून तो काय म्हणतो ते वहीत उतरवून ठेवावे. आणि वापरलेली गाडी घ्यायला जाल तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी चावी एक टप्पा फिरवून दहा सेकंद थांबावे. कोणते दिवे लागले ते पाहावेच. त्याहीपेक्षा कोणता लागला नाही ते मोजावे.